जाळलेल्या चिठ्ठ्यांचा इतिहास

वाचून झालेली चिठ्ठी लगेच जाळायची, हा भूमिगत चळवळीचा शिरस्ता. त्याने माणसं वाचतात, इतिहासाची मात्र पंचाईत होते. 14 एप्रिल 1944 रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील, साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी त्यात होते. रक्कम साडेपाच लाखांच्या घरातली. बेत आखणाऱ्यांनी कागद ठेवला नाही. फिर्याद, पंचनामा, जबान्या लिहिल्या त्या माग काढणाऱ्यांनी. उद्या झाडून सगळी दफ्तरं स्कॅन झाली, तरी पडद्यावर आधी पोलिसांचीच बाजू उमटेल.

उघड लढ्याचं नशीब वेगळं. डिसेंबर 1936 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपुरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोसांची. त्याचे ठराव, भाषणं, छायाचित्रं मागे राहिली. अधिवेशनासाठी राबलेल्या शेतकऱ्यांचं म्हणणं कुणी टिपून ठेवलं असेल, तर ते नशीबच.

कागद जपण्यात धुळं कमी पडलं नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी इथेच देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाडे दफ्तरांसाठी गावोगाव वणवण फिरले. पण ज्या घरात दफ्तरच नव्हतं, तिथून ते तरी काय आणणार?

याला उत्तरही मला धुळ्यातच दिसतं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती या ऐकणाऱ्यामुळे.

आणीबाणीतही सायक्लोस्टाइल पत्रकं गुपचूप फिरली आणि नाहीशी झाली. 1977 च्या सत्तांतराचे निकाल कुठेही सापडतील. पत्रक कुणाच्या घरात छापलं, घरच्या बाईने दारावरच्या पोलिसाला काय सांगितलं, हे सापडणार नाही. तेव्हा विशीत असलेले कार्यकर्ते आज सत्तरीत आहेत. आताच्या आंदोलकांचे निरोप तर फोनवरून आपोआप पुसले जातात. त्यांना दोष कसा द्यायचा? जपलेला पुरावा उद्या त्यांच्यावरच उलटू शकतो.

म्हणून डिजिटल संग्रह म्हणजे जुने कागद यंत्राखाली सरकवणं, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या पोरांनी म्हाताऱ्या कार्यकर्त्यांपुढे बसावं, त्यांना अहिराणीत, भिलीत बोलू द्यावं. नाव, गाव, साल आणि मराठीत गोषवारा जोडावा, नाहीतर शोधणाऱ्याला ते आवाज सापडायचेच नाहीत. बोलणाऱ्याने सांगितलं तर ते काही वर्षं बंदही ठेवावेत. ज्यांनी जिवाच्या भीतीने कागद जाळले, त्यांची गोष्ट त्यांच्या अटींवरच जपायला हवी.