बुडबुडा मिटताना

यवतमाळकडे विहिरींच्या काठावर मोनोब्लॉक पंप अजून दिसतात. मे महिन्यात पाणी खोल गेलं की ते गिट्टी भरडल्यासारखे वाजतात. 'पंप हवा घेतोय' असं लोक म्हणतात. कधी ते खरंही असतं. पण फूटव्हॉल्व्ह, पाइप धड असूनही आवाज येतो, तेव्हा ओढपाइपात दाब इतका उतरलेला असतो की पाणी न तापताच उकळतं. वाफेचे ते बुडबुडे पुढे इंपेलरमध्ये दाब चढला की मिटतात आणि धातू कुरतडतात. त्यात यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ओढण्याची अर्धा मीटर खोली तिथेच हातची जाते.

या मिटण्याचं गणित मांडणं हे माझं काम. लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली ते मांडलं. त्यांच्या हिशेबाने १ मिलिमीटर त्रिज्येची पोकळी वातावरणाच्या दाबाखाली साधारण ९१ मायक्रोसेकंदांत मिटते. पण ती पोकळी रिकामी होती, म्हणून शेवटी वेग अनंत निघतो. खरा बुडबुडा रिकामा नसतो, आणि आत काय धरायचं इथेच आमची खरी परीक्षा. नुसता वायू घेतला, उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, की तापमानाचे भलतेच चढे आकडे मिळतात. असे आकडे छापायला फार छान दिसतात! बुडबुडा फुगताना आत आलेली वाफ मिटण्याच्या घाईत बाहेर पडू शकत नाही. ती उष्णता खाते, तिचे रेणू तुटून हायड्रॉक्सिल मूलके होतात, आणि आकडा काही हजार केल्व्हिनवर उतरतो. प्रदूषित पाणी शुद्ध करायला हीच मूलके कामाची. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित यांच्या गटाने कॅव्हिटेशनवर, म्हणजे बुडबुडे होऊन मिटण्याच्या या क्रियेवर, वर्षानुवर्षं काम केलं. पंडित आणि विजयानंद मोहोळकर यांनी १९९७ मध्ये प्रवाहातल्या खळबळीचा बुडबुड्यावरचा परिणामही गणितात आणला.

पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं की बाष्पदाब २.३ किलोपास्कलवरून ७.४ वर जातो. म्हणजे उन्हाळ्यात बुडबुडे सहज होतात, पण एकेकाचं मिटणं मवाळ. हे गणितातून निघतं. पडताळायला पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात या मूलकांमुळे सुटलेलं आयोडीन मोजतात. तिथे एक बुडबुडा नसतो, झुंड असते, आणि शेजारच्याच्या धक्क्याने गोल आकारही टिकत नाही. माझी समीकरणं मात्र अजून गोलच धरून चालतात.