तकल्लुफ

'अपना घर समझो.' दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हेच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी वर्ध्याकडून आलेल्या त्या मुलीलाही त्या हेच म्हणाल्या. एका संस्थेने तिला वस्तीतल्या मुलांचा वाचनवर्ग घ्यायला नगरला पाठवलं होतं. काम बिनपगारी, मुक्काम सहा आठवडे, आमच्या मुकुंदनगरच्या घरी. संस्थेतून फोन आला, 'चालेल ना?' मी म्हणाले, 'का नाही चालणार?' एवढ्यावर सगळं ठरलं. म्हणजे काहीच ठरलं नाही.

तिचं आडनाव ऐकून अम्मींनी परस्पर ठरवलं की पोरगी शाकाहारी. घरात मटण बंद झालं, अंडीसुद्धा बंद. माझा मुलगा रोज ताटाकडे बघून तोंड वाकडं करायचा. तिकडे ती मुलगी मनात म्हणत होती, मुसलमानांच्या घरी रोज वरण-भात आणि दुधीच कसा? रविवारी तिला घरच्या कोंबडीच्या रश्श्याची आठवण यायची. पण मागायचं कसं?

मग रमजान लागला. तिची झोप मोडू नये म्हणून आम्ही सहरीला दिवा न लावता, मोबाइलच्या उजेडात जेवायचो. ती मात्र जागीच असायची. आपल्यामुळे या लोकांना अंधारात जेवावं लागतंय, या विचाराने तिला पुन्हा झोप लागत नसे. दुपारी अम्मी तिच्यासाठी भात-भाजी करून ओट्यावर झाकून ठेवत. ते इफ्तारचं असेल असं समजून ती त्याला हात लावत नसे. शिवाय घरात कुणी पाणीही पीत नाही, तिथे आपण कसं जेवायचं, हेही होतंच. संध्याकाळी अम्मींना ताट तसंच दिसायचं. तिसऱ्या दिवशी त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, 'अपने हाथ का उसको चलता नहीं होगा.'

हे वाक्य मी विसरलेले नाही. आजच्या दिवसांत आपल्या घरांत हा संशय किती पटकन येतो, आणि आला की किती घट्ट बसतो! मीसुद्धा 'नाही हो अम्मी' म्हणाले नाही. मलाही तसंच वाटलं होतं.

चौथ्या दिवशी वर्ग चालू असताना तिला भोवळ आली. मुलं धावत मला बोलवायला आली. लिंबू-सरबत दिलं, पंख्याखाली बसवलं, तेव्हा कळलं की ही मुलगी तीन दिवस दुपारची उपाशी आहे. अम्मींच्या डोळ्यांत पाणी आलं. 'बेटा, विचारायचं ना!' ती खाली मान घालून म्हणाली, 'अम्मी, तुम्हीपण विचारलं नाही.'

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्या रात्री तरावीह झाल्यावर आम्ही मुलाची जुनी वही घेऊन बसलो. नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं आणि कोण भरतं. सहरीला दिवा लावायचा. दुपारचं जेवण तिचं तिने वाढून घ्यायचं, आमच्यासमोर जेवली तरी रोजा मोडत नाही. दाराची किल्ली. रात्री किती वाजेपर्यंत परत यायचं, उशीर होणार असेल तर फोन कुणाला करायचा. नमाजच्या वेळी कोणती खोली लागते. तिला एकटं बसायला कोणती खोली मिळेल. खर्चाची गोष्ट निघाली तेव्हा आणखी एक कळलं: आम्हाला जेवणाचे पैसे मिळतात, असं तिला सांगण्यात आलं होतं. आम्हाला कुणी काही बोललंच नव्हतं!

'मेहमानाशी असा हिशेब करतात का?' अम्मी कुरकुरल्या. पण आपल्या दीनमध्येच बघा. बुखारीतली हदीस आहे की मेहमाननवाजी तीन दिवसांची, त्यापुढे जे कराल तो सदका. आणि यजमानाला अडचण होईल इतकं पाहुण्याने राहू नये, हेही त्याच हदीसमध्ये आहे. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, लहान असो की मोठा. शंकेला जागा राहू नये, हे कारणही तिथेच दिलेलं आहे. आमच्या घरात पैशांची उधारी नव्हती, पण शंका चार दिवसांत केवढी वाढली होती!

मला फातिमा शेख आठवतात. घर सोडावं लागल्यावर जोतिराव-सावित्रीबाईंना पुण्यात उस्मान शेख यांनी आसरा दिला, असं सांगितलं जातं आणि आपण ते अभिमानाने सांगतो. नगरला मिस फरार यांच्याकडे शिकलेल्या सावित्रीबाई ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तिथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे: तिला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. आपण या ओळीतलं न कुरकुरणं तेवढं लक्षात ठेवतो. मला मात्र त्यातली सावित्रीबाई जास्त दिसते, जिला दूर बसून, कुणी न सांगता, मैत्रिणीचा त्रास कळतो. एवढं जाणणारं माणूस प्रत्येकाला लाभत नाही. आपल्यासारख्यांनी विचारून घ्यावं.

उरलेले दिवस मजेत गेले. ईदला तिने शीरखुर्म्याच्या तीन वाट्या संपवल्या. जेवणाच्या पैशांना अम्मी शेवटपर्यंत नाहीच म्हणाल्या. पण ते नाहीसुद्धा वहीत लिहिलं, म्हणजे जाताना तिने उशीखाली पाकीट ठेवून अम्मींना दुखवू नये.

यंदा दुसरी मुलगी येणार आहे, सोलापूरची. परवा मी तिला फोन लावला आणि वही उघडून बसले. पाण्याच्या दिवसापासून सुरुवात केली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून अम्मींचा आवाज आला, 'वो सब बाद में! पहले पूछ, मटन चलता क्या?'