मोतीच्या डोक्यावरचा उंचवटा

आमच्या घरी कुत्रा पाळायचा, असं कधी ठरलं नव्हतं. मोती आला तो आबांबरोबर, 2019 च्या पावसाळ्यात, निसरपूरहून.

निसरपूर म्हणजे धार जिल्ह्यातलं, कुक्षीजवळचं उरी-बाघनी नदीच्या काठावरचं गाव. आबांचं तिथे बाजाररस्त्यावर किराण्याचं दुकान होतं. कापसाच्या हंगामात आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं यायची, कापूस विकून हातात पैसे आले की वर्षाचं सामान आबांकडूनच भरायची. गाव सरदार सरोवराच्या डूबक्षेत्रात आहे हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. इतकी वर्षं ऐकलं की शेवटी ते खरं वाटेनासं झालं होतं. 2019 च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदाच 138.68 मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरलं आणि पाणी मागे सरकत सरकत निसरपूरच्या गल्ल्यांत शिरलं. त्याच्या महिनाभर आधीच मी आबांना इंदूरला घेऊन आलो होतो. शेजारीपाजारी वर पुनर्वसनाच्या वसाहतीत गेले. आई असती तर आबाही तिकडेच गेले असते, पण एकट्याने नवीन प्लॉटवर घर बांधण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. त्यांची एकच अट होती, "मोती बरोबर येईल."

मोती म्हणजे साधा गावठी कुत्रा. तांबूस रंग, एक कान उभा, एक दुमडलेला. वय नऊ-दहा असावं. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि तो त्यांच्या पायाशी. आबांचा हात सतत त्याच्या डोक्यावर. बोटं बरोबर कानांच्या मधोमध, मागच्या बाजूला एका ठिकाणी येऊन थांबायची.

डिसेंबरात एकदा मी त्याला पुसत होतो, तेव्हा त्या जागी माझ्या हाताला काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढा उंचवटा. पोटात गोळाच आला. आमच्या एका शेजाऱ्यांचा कुत्रा गाठीनेच गेला होता. मी आबांना काही बोललो नाही, पण रात्री सौ.ला म्हणालो, "याला जर काही झालं, तर आबा..." पुढचं बोलवलं नाही. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून अर्धी रजा काढली आणि मोतीला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. आबाही हट्टाने आले.

डॉक्टरांनी मोतीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसले. "ही गाठ नाही. हे हाड आहे. सगळ्या कुत्र्यांना असतं."

त्यांनी नीट समजावलं ते असं. कवटीच्या मागच्या भागाचं जे हाड असतं त्याचा मधोमध आलेला हा उंचवटा. त्याच्या आसपास मानेचे स्नायू येऊन चिकटतात. कुत्रा मान उचलतो, तोंडात धरलेली वस्तू झटकतो, त्या सगळ्या जोराला तिथे आधार मिळतो. तिथूनच कवटीच्या माथ्यावरून पुढे हाडाची एक धार निघते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जबडा मिटणारे मोठे स्नायू बसलेले असतात. बॅसेट, ब्लडहाउंड अशा वास काढत जाणाऱ्या शिकारी जातींत हा उंचवटा फार उठून दिसतो. लांबट, निमुळत्या डोक्याच्या कुत्र्यांतही दिसतो. पिल्लांत तो डोळ्यांत भरतो, मग स्नायू वाढले की झाकला जातो.

आबा मध्येच म्हणाले, "आम्ही तर याला अकलेचं हाड म्हणतो. मोठं असेल तो कुत्रा हुशार."

"इंग्रजीतही लोक असंच काहीतरी म्हणतात, काका," डॉक्टर म्हणाले. "पण अकलेशी त्याचा संबंध नाही, आणि वासाशीही नाही. वास ओळखणारा मेंदूचा भाग पुढे, नाकाच्या बाजूला असतो. हे हाड तर पार मागे."

मी विचारलं, "मग ओळखायचं कसं, हाड की गाठ?" उत्तर सोपं होतं. बरोबर मध्यरेषेवर, टणक, न हलणारं, दाबल्यावर न दुखणारं, तर ते हाड. एका बाजूला आलेलं, मऊ, त्वचेखाली सरकणारं, गरम लागणारं किंवा वाढत जाणारं असेल तर लगेच दाखवायचं. कानशिलं अचानक खोल गेली किंवा कुत्र्याला तोंड उघडताना दुखायला लागलं, तर एक दिवसही थांबायचं नाही, कारण जबड्याच्या स्नायूंना सूज येण्याचा एक आजार असतो.

मग डॉक्टर जरा गंभीर झाले. "याला तो आजार नाही. पण हा उंचवटा तुम्हाला आत्ताच का जाणवला, ते बघा. हाड वाढलेलं नाही, भोवतीचं मांस उतरलंय. वय आहेच, पण हा नीट खात नाही ना?"

खरंच खात नव्हता. त्यांनी दात तपासले, एक दाढ किडलेली निघाली. वजन केलं, रक्त घेतलं.

मी मोतीला धरून उभा होतो. समोर बाकावर आबा बसले होते, बाजूने खिडकीचा उजेड येत होता. त्यांची कानशिलं आत गेली होती. गालाचं हाड वर आलेलं. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल. चार महिने माणूस माझ्यासमोर रोज जेवायला बसत होता, आणि मी पाहिलं नव्हतं. कुत्र्याच्या डोक्याला हात लागताच मी अर्धी रजा काढली होती.

परत येताना वाटेत औषधांच्या दुकानाबाहेरच्या काट्यावर आबांना उभं केलं. 49 किलो. निसरपूरला असताना 58 होते.

त्यांच्याही तपासण्या झाल्या. मोठं काही निघालं नाही. कवळी सैल झाली होती, त्यामुळे चावता येत नव्हतं, आणि टेबलावर सगळ्यांसमोर तोंड वाकडं होईल म्हणून ते दोन घासांत उठायचे. "सांगितलं का नाही, आबा?" मी विचारलं. म्हणाले, "आधीच तुम्हाला किती त्रास. त्यात आणखी कशाला?"

मोतीची दाढ काढली, आबांची कवळी नवीन झाली. सौ.ने गॅलरीत पाट मांडला आणि आबांचं ताट तिथे लावायला सुरुवात केली. गरम ज्वारीची भाकरी, पातळ वरण, कधी दाल-पानिये. शेवटचा चतकोर मोतीचा, निसरपूरसारखाच. दोघंही हळूहळू भरले.

मोती 2021 मध्ये म्हातारपणाने गेला. आबा आहेत. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यांच्या डोक्याला तेल मीच लावतो. माणसालाही मागे तिथेच एक लहानसा उंचवटा असतो. माझी बोटं तिथे पोचली की आबा डोळे मिटतात, आणि मी हात कानशिलांवर नेऊन बघतो, मांस आहे ना.