खुर्ची सोडायची की सरकवायची?

शनिवारी ऑफिस सुटलं की आमचा ग्रुप सात रस्त्याजवळच्या टपरीवर जमतो. चहा कटिंग, वाद मात्र फुल! गेल्या महिन्यातला विषय होता, मोठ्या दिग्दर्शकांनी वेळेत रिटायर व्हावं की नाही? आमचा एक सीए मित्र एकदम पेटला. ‘का बे, गावसकर थांबला, सचिन थांबला, मग या लोकांनाच काय प्रॉब्लेम आहे?’

त्याच्याकडे उदाहरणही तगडं होतं. व्ही. शांताराम. 1972 मध्ये ‘पिंजरा’ आला तेव्हा अण्णांचं वय 70. महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. तिथेच थांबले असते तर कसला झकास शेवट झाला असता! पण ते थांबले नाहीत. 1987 मध्ये ‘झंझार’ आला आणि पडला. तेव्हा ते 85 वर्षांचे होते.

शिवाय सिनेमा म्हणजे काही कविता नव्हे, की वही-पेन घेतलं आणि बसलं. त्याला कोणाचे तरी पैसे लागतात. सगळे निर्माते जुन्या नावांवरच पैसे लावत बसले असते, तर करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून आलेल्या नागराज मंजुळेला ‘फँड्री’ करायला कोणी दिला असता? मित्राचा हा मुद्दा मला पटतो. खरंच पटतो.

पण मग सुमित्रा भावेंचं काय करायचं? सुनील सुकथनकरांबरोबरचा त्यांचा पहिला मोठा सिनेमा ‘दोघी’ 1995 चा. तेव्हा बाई 52 वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्याकडचे लोक पेन्शनचा हिशोब सुरू करतात त्या वयात! सरकारी नियमाने त्यांना 58 ला घरी बसवलं असतं, तर ‘दहावी फ’, ‘देवराई’, ‘अस्तु’ यातलं काहीच आलं नसतं. ‘कासव’ तर त्यांनी सत्तरीनंतर केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सुवर्णकमळ मिळालं. 2021 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. ‘दिठी’ लोकांनी घरबसल्या पाहिला तो त्यानंतर, मे महिन्यात.

आणि आपले जब्बार पटेल? जन्म पंढरपूरचा, शाळा सोलापूरची, म्हणून आपले म्हणायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ हे सगळे त्यांच्या चाळिशीपर्यंतचे. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ 2000 साली आला तेव्हा ते बरोबर 58 चे होते. राज्य सरकारच्या नोकरीत असते, तर त्याच वर्षी शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले असते. त्यांनी पुढे वेगळंच केलं. 2002 पासून पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव उभा केला आणि दुसऱ्यांचे सिनेमे आपल्याला दाखवले. मधेच सत्तरी ओलांडल्यावर ‘यशवंतराव चव्हाण’ही केला. याला रिटायरमेंट म्हणायची की प्रमोशन?

हा वाद मला इतका का लागतो, तर घरात सेम केस आहे. बाबा 70 वर्षांचे आहेत. नवी पेठेत आमचं चादरी आणि टॉवेलचं छोटं दुकान आहे. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी सुरू आहे, तरी सकाळी दहाला शटर वर! गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता आराम. आईने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे ‘बाबा, बास आता’ हे वाक्य मी बोलायचं. ते काही माझ्या तोंडून निघेना. कारण तो माणूस चादरीवर नुसता हात फिरवून सुताचा दर्जा सांगतो. ते घरी बसले, तर ही नजरही घरी बसणार.

मला तेव्हा सत्यजित राय आठवले. 1983 मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ‘घरे बाइरे’ पूर्ण करायला मुलगा संदीप मदतीला उभा राहिला. पुढे डॉक्टरांनी आउटडोअर बंद केलं, तर त्यांनी घरातल्या खोल्यांत घडणारे सिनेमे लिहिले. ‘आगंतुक’ 1991 चा, म्हणजे त्यांच्या शेवटाच्या जेमतेम वर्षभर आधीचा. धावपळ त्यांनी दुसऱ्यावर सोपवली, नजर स्वतःकडे ठेवली. भावेंच्या शेजारीही सुकथनकर होतेच की!

आमच्याकडे आता तोच फॉर्म्युला चालतो. जीएसटी, ऑनलाइन ऑर्डरी, उधारीचे फोन माझ्याकडे. कोणता रंग घ्यायचा, कोणता माल परत पाठवायचा, हे बाबांकडे. दुपारी दोन ते पाच सक्तीची झोप. परवा मी पसंत केलेला एक लॉट त्यांनी सरळ परत पाठवला. भांडण झालं, पण माल खरंच पातळ होता.

म्हणून माझं मत असं, की खुर्ची सोडू नका, थोडी सरकवा. शेजारी एका तरुण माणसाला बसू द्या, आणि त्याला ‘नाही’ म्हणायची परवानगी द्या. हे जमत नसेल तर मात्र चाळिशीतच रिटायर झालेलं बरं. आणि प्रेक्षकांनी? नाही आवडला एखाद्या म्हाताऱ्या उस्तादाचा नवा सिनेमा, तर तिकीट काढू नये. त्यामुळे ‘पिंजरा’ काही कोणी आपल्याकडून काढून घेत नाही.