ताट मांडणं हाही स्वाभिमानाचा प्रश्न आहे

घरचं साधं जेवणसुद्धा ताटात देखणं मांडावं, असं मी म्हटलं की आपले कार्यकर्ते मित्र हसतात. शिष्यवृत्ती रखडलेली, अत्याचाराच्या केसेस पडून, आणि तुला ताट सजवायचं सुचतं? पोट भरलं म्हणजे झालं! हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारी वाटतो, पण मला तो मान्य नाही. ज्या समाजाच्या वाट्याला शतकानुशतकं ताटच येऊ दिलं नाही, त्या समाजाला ताटाकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळाला फुटक्या भांड्यात अन्न द्यावं, शूद्राला उष्टं द्यावं, असे नियम तिथे आहेत. म्हणजे अन्न कशात मिळेल आणि कसं मिळेल, हेही व्यवस्थेने ठरवून दिलं होतं. माझी आजी भाकर मागायला जाण्याचे दिवस सांगायची तेव्हा भुकेबद्दल फारसं बोलत नसे. ती म्हणायची, "आमाले भाकर कोनी वाढे नाही, वरून टाकत." वाढणं आणि टाकणं या दोन क्रियापदांतला फरक म्हणजे जात. समाजशास्त्राच्या एम. ए.ला दोन वर्षं घालवून मला जे समजलं, ते आजीने एका वाक्यात सांगितलं होतं.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशीही बोलले, हे आपण कमी सांगतो. लुगडं कसं नेसावं, अंगावर कसले दागिने घालू नयेत, घरात मेलेल्या ढोराचं मांस का येऊ देऊ नये, हे त्यांनी समजावून सांगितलं. एवढ्या मोठ्या लढ्यात नेसण्याची आणि खाण्याची गोष्ट कशाला, असं त्यांना वाटलं नाही. माणूस स्वतःला कसं वागवतो, यावरही त्याची गुलामी टिकते किंवा तुटते, हे त्यांनी ओळखलं होतं.

मग प्रश्न येतो, ताट मांडायचं कोणासारखं? 'चांगलं ताट' म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं : वर मीठ-लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, समोर भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. या मांडणीत सोय आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण त्या चित्रात ठेचा-भाकर नाही, सुकट नाही, मटणाचा रस्सा तर नाहीच. पाहुणे आले की आपल्या घरातही भाकर मागे जाते आणि पोळी पुढे येते. एम. एन. श्रीनिवास यांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटलं, ते आपल्या स्वयंपाकघरात रोज घडतं.

2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष होतं. त्या वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पाककला स्पर्धेत बचत गटाच्या बाया ज्वारीची भाकर, जवसाची चटणी आणि अंबाडीची भाजी घेऊन गेल्या. परीक्षक म्हणाल्या, "हे तर घरचंच आहे, यात मांडणी कुठे आहे?" बक्षीस ज्वारीच्या केकला मिळालं. ज्या भाकरीवर आमच्या पिढ्या जगल्या, तिला स्वतःच्या रूपात उभं राहायला जागा नव्हती. केकचा वेश घेतला तेव्हा तीच ज्वारी पौष्टिक ठरली.

पुढच्या बैठकीत आम्ही तेच जेवण पुन्हा मांडून बघितलं. नवीन काहीच आणलं नाही. भाकरीचे चार चतकोर करून ताटाच्या एका कडेला एकावर एक सरकवून ठेवले. मधोमध पिवळा झुणका, शेजारी हिरवा ठेचा, पलीकडे जवसाची काळपट चटणी, त्यावर कच्च्या तेलाची धार. अंबाडीची भाजी वाटीत, म्हणजे तिचं पाणी भाकरीला लागत नाही. कांदा फोडून पांढराशुभ्र. ताट काठोकाठ भरलं नाही आणि शेवटी कोरड्या फडक्याने काठ पुसून घेतला. बाया बघतच राहिल्या. एक जण म्हणाली, "हे आपलंच हाये का वो ताई?" खर्च शून्य रुपये. पळसाच्या पानांची पत्रावळ घेतली असती, तर आणखी खुललं असतं.

शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली. 2024 मध्ये ते इंग्रजीत गेलं. आपलं अन्न पुस्तकात आलं, आता ते आपल्याच ताटात ताठ मानेने यायला हवं. येत्या 14 एप्रिलला वस्तीत भोजनदान करताना एक करून बघा. रांगेत उभ्या माणसाच्या द्रोणात घाईघाईने डावभर ओतू नका. त्याला पंगतीत बसवा, पानात एकेक पदार्थ आपापल्या जागी वाढा. एरवी आजीने सांगितलेलं ते 'टाकणं' आपणच चालू ठेवू.

आणि मुलांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. देखणं ताट घरच्या पुरुषापुढे जातं आणि ते मांडणारी बाई सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, पातेलं खरवडून जेवते. असं असेल तर आपण फुटकं भांडं फक्त घरातल्या बाईकडे सरकवलं आहे. आज रात्री आईचं ताट तुम्ही मांडा. चतकोर नीट रचा, चटणीवर तेल सोडा, काठ पुसा आणि तिला आपल्या सोबत, आपल्याच वेळेला जेवायला बसवा. समतेचं भाषण त्यानंतर करू.

जय भीम!