टेकडीवरची हजेरी

सन २०२० च्या पावसाळ्यात आमच्या हातून एक अन्याय घडला. शाळा बंद होत्या, वर्ग मोबाईलवर भरत होते आणि आम्ही घरच्या ओसरीवर बसून हजेरी मांडीत होतो. सत्तरीतील एका खेड्यातली आमची विद्यार्थिनी लागोपाठ आठ दिवस गैरहजर! नवव्या दिवशी ती दिसताच आम्ही तिला सर्वांदेखत आळशी म्हटले. पुढे कळले की, घरी रेंज नसल्याने ती रोज टेकडी चढत असे आणि सर आली की फोन पिशवीत गुंडाळून खाली उतरत असे.

आता त्या गावच्या वाचनालयात सर्वांसाठी इंटरनेट आले आहे. गेल्या चतुर्थीनंतर आम्ही मुद्दाम तेथे गेलो. खोली ती केवढी! एक संगणक, चार खुर्च्या. घरोघरी मोबाईल असताना हा खटाटोप कशाला, असे पूर्वी आम्हालाही वाटे. परंतु विद्यार्थिमित्रहो, हाती फोन असणे निराळे आणि शेजारी समजावून सांगणारे माणूस असणे निराळे.

ते माणूस म्हणजे आमची तीच विद्यार्थिनी. महाविद्यालयातून परतल्यावर ती तेथे बसते. एक आजी जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी आल्या होत्या. एरवी या कागदापायी वाळपई गाठायची, म्हणजे दिवसाची मजुरी बुडालीच. “बाय, म्हज्या घोवाचें नांव आसा मगे तातूंत?” आजींनी विचारले. कूळ म्हणून नाव होते. मुलीने ते तीनदा वाचून दाखविले. आजींनी पडद्याला हात जोडले.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. तीनुसार गावचा वाणीही परवान्यावाचून दुकानातून वाय-फाय पुरवू शकतो. (हा श्लेष जाणूनबुजून साधला की काय, न कळे!) योजना चांगलीच, पण दुकानाच्या दारात मुलीबाळी किती वेळ उभ्या राहणार? आम्हाला वाचनालयच बरे वाटते.

निघताना आम्ही त्या जुन्या शब्दाबद्दल तिची क्षमा मागितली. ती हसली. “सर, टेकडीवरून म्हादई बरी दिसायची,” एवढेच म्हणाली. मग तिने आपले गाऱ्हाणे सांगितले: वाचनालयाला पाच वाजता कुलूप लागते आणि कामावरची माणसे येतात सहाला. तोवर मुले बाहेरच्या पायरीवर, अंधारात, वह्या घेऊन बसू लागली होती.