बरणीतली साय

टायफॉईड उतरून महिना झाला, तरी तोंडाला चव नाही. भाचीने कोम्बुचाची बरणी आणून दिली. परळच्या भोईवाड्यातल्या आमच्या खिडकीत ती मलमलचं फडकं बांधून ठेवली आहे. साखर घातलेला कोरा चहा, वर यीस्ट आणि जिवाणूंची जाड, पिवळसर साय. आठवड्याभरात साखर कमी होते, आंबटपणा चढतो.

आई विरजण लावून पातेलं कोपऱ्यात ठेवायची. "हलवू नकोस गं, लागतंय ते." तिचा तो हळू आवाज या बरणीपाशी ऐकू येतो.

रोज अर्धी वाटी घेते. पोट हलकं वाटतं. ते कोम्बुचामुळे की दिवस उलटल्यामुळे, कसं सांगू? माणसांवरचे भक्कम अभ्यास अजून थोडेच आहेत. टाटा रुग्णालयात केमो घेणाऱ्या शेजारणीने मागितला, तेव्हा मात्र दिला नाही. प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना घरचं असं आंबवलेलं बाधू शकतं. तिचा चेहरा उतरला. तो अजून डोळ्यांसमोर आहे.

याच परळात 1899 पासून जंतुशास्त्रज्ञ हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा होती. जंतू म्हणजे तेव्हा नुसती धास्ती.

आज सायीवर आणखी एक पातळ पापुद्रा धरलाय. कडेला एक बुडबुडा अडकलाय, सकाळपासून तिथेच.